चावडीवरचा कुलाबा

कोणीही यावे, लिहावे आणि दुसऱ्याने लिहिलेले खोडावे, हे विकीचे तत्त्व प्रथमच ऐकणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाच्या मुद्रेवर जो अविश्वास उमटतो, तो अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या कित्येक बैठकांत मी पाहिला आहे. आणि ज्या भाषेत केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, जिचा विश्वकोश वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली अक्षरशः शब्दाशब्दांची छाननी होऊन आकारास आला, त्या भाषेच्या वाचकाला हा कारभार बेबंद वाटावा, यात त्याचा दोष नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५मध्ये पहिली विकी उघडली, २००१मध्ये विकिपीडिया निघाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, ही सनावळी सांगून त्याचे समाधान होत नाही. म्हणून मी त्याला महजराची आठवण देतो. वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोत जमे, पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत साऱ्यांच्या साक्षी होत, आणि निवाड्याच्या कागदावर ज्याला अक्षर येत नसे तो कुणबी नांगराची निशाणी करी. विकीच्या प्रत्येक पानामागे असलेला ‘इतिहास’ हा तशाच निशाण्यांचा कागद आहे, कारण कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला अथवा काढला, याची नोंद तेथे कायम राहते. भेद एवढाच, की महजराने तंटा मिटे. विकीवर तो मिटल्यासारखा दिसला तरी दफ्तर बंद होत नाही.

मात्र ही उपपत्ती पटली तरी माणूस लिहू लागतोच असे नाही. गडकिल्ल्यांची, कोळीवाड्यांची, चौलच्या जुन्या बंदराची तासन् तास माहिती सांगणारी मंडळी मोबाइलवरच्या आपल्या समूहात रोज मजकुराचा पाऊस पाडतात, पण कोरे पान समोर येताच ‘आमचा काय अधिकार?’ म्हणून मागे सरतात. तेव्हा कोरे पान मुळीच द्यावयाचे नाही, अपुरे द्यावयाचे, हा शिरस्ता मी ठेवला आहे. एका बैठकीत धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, मी एकच वाक्य लिहिले: ‘कुलाबा वेधशाळा अलिबागेस हलविण्यात आली.’ लगेच एका निवृत्त शिक्षकांनी हरकत घेतली, की कुलाबा म्हणजे आमच्यासमोर पाण्यात उभा असलेला किल्ला, १९८१पर्यंत आमच्या जिल्ह्याचे नावही तेच, तेव्हा नागपूरच्या वाचकाने यातून काय समजावे? हरकत रास्त होती. मग ‘मुंबईतील’ हा शब्द आला. वेधशाळेच्या स्थापनेचे १८२६ हे साल आले. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे तेथील चुंबकीय मोजणी बिघडेल, या धास्तीने डॉ. नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची जागा निवडली गेली, हे कारण आले. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविला गेला, हा अत्यंत महत्त्वाचा तपशील एका महाविद्यालयीन मुलीने घातला. तिच्याच शेजाऱ्याने मूससाहेबांनी ट्रामगाड्यांविरुद्ध मोठी मोहीम चालविल्याचे लिहिले. त्यावर कोणीतरी ‘संदर्भ हवा’ असा शेरा ठोकला, आणि ते वाक्य चर्चापानावर जाऊन बसले. मी मधे एक शब्द बोललो नाही. अधिकाराचा प्रश्न पुन्हा कोणी काढलाही नाही!

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती किनाऱ्याची आहे. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. ती वेळ साधण्यासाठी येथील कोळी घड्याळाआधी तिथी पाहतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याचाच हा रोकडा हिशेब. हे सांगणाऱ्या वृद्ध कोळीबाबांनी ते स्वतःच्या नावाने विकीत लिहिले तर नियमाप्रमाणे टिकत नाही, कारण तेथे अनुभवाला नव्हे, छापील दाखल्याला मान. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके चालतात. कोळीबाबांची जबानी चालत नाही. कोर्लईची पोर्तुगीज वळणाची बोली, खारजमिनींच्या बांधबंदिस्तीचे कसब, जाळ्यांचे प्रकार, अशा कितीतरी गोष्टींना हाच निर्बंध आडवा येतो, आणि ज्या मुलखाची विद्या मुखोद्गत आहे त्याच्यावर तो अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मी त्या नियमाच्या बाजूने मत देतो. तो सैल केला तर उद्या प्रत्येक आळीची दंतकथा इतिहास म्हणून पानावर चढेल आणि तिची रुजुवात करणे कोणालाच साधणार नाही.

म्हणून हल्ली बैठकीच्या अखेरीस मी मंडळींना विकीपासून थोडे दूरच पाठवितो. वाड्यातल्या जाणत्यांकडून हिशेब, नावे, कसब टिपून घ्यावे, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने घालावे, आणि शाळेच्या वार्षिकात अगर जत्रेच्या स्मरणिकेत ते रीतसर छापावे; मग त्याचा दाखला द्यावा. स्मरणिका विश्वसनीय मानावी काय, यावर विकीच्या चावडीवर कोणीतरी हरकत घेईलच. खुशाल घ्यावी, आमचे निवृत्त शिक्षक उत्तर द्यायला बसलेलेच आहेत.