एकसष्टचे कोडे आणि पाटणचा मठ

१/ १,७६,६३,१९,०४९. या संख्येचा वर्ग करून त्यातून १ वजा केला, तर उरलेल्या संख्येला ६१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो तो २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग. शून्य वगळता याहून लहान संख्यांची अशी दुसरी जोडी नाही.

२/ मूळ प्रश्न साधाच आहे. कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पूर्ण वर्ग येतो? ६१ ऐवजी ६० घेतले, तर उत्तर ४. ६२ घेतले, तर ८. मधल्या ६१ साठी मात्र उत्तर थेट बावीस कोटींच्या पलीकडे जाते. मिनिटाला एक संख्या तपासत अहोरात्र बसलेल्या माणसाला तिथवर पोचायला चारशेहून अधिक वर्षे लागतील.

३/ सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड गावच्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘बीजगणित’ ग्रंथात हे उत्तर दिले. त्यांची वाट अशी: ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने अधिक. तेथून चक्रवाल पद्धतीने ३९ आणि ५ ही जोडी मिळते. येथे ४ ची उणीव. मग २९,७१८ आणि ३,८०५. उणीव केवळ १. या जोडीचा स्वतःशीच संयोग केला, की उत्तर हाती येते.

४/ हा संयोग म्हणजे ब्रह्मगुप्ताची सातव्या शतकातील ‘भावना’. आणि या रीतीला चक्रवाल म्हणतात, असे आचार्य लिहितात, जणू पूर्वसूरींकडून आलेली ठेव पुढे द्यावी तसे.

५/ १६५७ मध्ये फ्रान्सच्या फेर्माने ६१ चे हेच कोडे समकालीनांपुढे टाकले. भास्कराचार्यांचे नाव त्याच्या कानी गेलेले नव्हते. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने असे प्रश्न सोडवण्याची रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून श्रेय जॉन पेलला दिले. समीकरण आजही पेलच्याच नावाने ओळखले जाते. ‘बीजगणिता’चा कोलब्रुककृत इंग्रजी अनुवाद निघाला १८१७ मध्ये.

६/ नाव हुकले, ही खंत अनाठायी नाही. पण नावाने विद्या टिकत नाही. ती टिकते शिकवणाऱ्यांमुळे आणि त्यांच्या पोटाची सोय लावणाऱ्यांमुळे.

७/ चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे त्यात नोंदले आहे. स्तुतीचे श्लोक संस्कृतात आहेत. अखेरचा भाग, बाजारात येणाऱ्या मालातून मठाला काय द्यावे हे सांगणारा, जुन्या मराठीत आहे.

८/ बावीस कोटींच्या त्या उत्तरामागची विद्या जपण्याचा भार असा बाजारच्या मापावर ठेवला होता. ज्यांनी तो उचलायचा, त्यांना कळेल अशाच भाषेत तो लिहिला गेला.