मंगळवारची वेरूळवारी

बालमित्रांनो, सहल म्हटली की तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? आमच्या चौसाळ्यातल्या एका मुलीच्या मनात आला, "बाई, पैसे किती लागतील?" तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडला, दोघे गावी आले आणि मुलीने हट्ट धरला, वेरूळची लेणी बघायचीच! वडील म्हणाले, "जीपवाला लई पैसे सांगतोय."

मग आम्ही वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. घरात माणसे पाच. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. 17 मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धेच. 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना तर 2022 पासून प्रवास मोफत! म्हणजे वडिलांचे एक, आईचे अर्धे, 11 वर्षांच्या ताईचे आणि 8 वर्षांच्या भावाचे अर्धे-अर्धे, 76 वर्षांच्या आजीचे शून्य. पाच माणसे आणि तिकिटे अडीच! मुलांनी टाळ्याच पिटल्या.

पुढचा हिशेबही सोपा होता. लेण्यांत 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांना खिडकीवर 40 रुपये, म्हणजे तिघांचे 120. भाकरी-चटणी आणि पाणी घरचेच. वयाचा पुरावा म्हणून सगळ्यांची आधारकार्डे पिशवीत.

मांजरसुंबा, बीड, गेवराई करत मंडळी निघाली. शहागडला गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरली. तिथून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर. रिक्षावाले 'स्पेशल, स्पेशल' करत पुढे आले, पण वडिलांनी चौकशी खिडकीवर विचारून वेरूळची एसटी धरली.

आणि लेण्यांचे फाटक बंद! तो मंगळवार होता. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. सगळा हिशेब सांगणारी मी, नेमके हेच सांगायला विसरले होते. त्यांनी घृष्णेश्वराचे दर्शन घेतले, परतताना देवगिरीचा किल्ला खालूनच पाहिला आणि घर गाठले. त्यांच्या घामाचे पैसे माझ्या चुकीने गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि चूक कबूल केली. आजी म्हणाली, "जाऊ द्या बाई, देव तर भेटला." पण पोरीचे डोळे भरले होते.

पुढच्या वर्षी पट्टा पडल्यावर मंडळी पुन्हा निघाली, बुधवारी. आता ताईने 12 वर्षे ओलांडली होती, तरी महिला सवलतीमुळे तिचे तिकीट अर्धेच राहिले. परत आल्यावर ती धावतच वर्गात आली. "बाई, कैलास लेणं वरून खाली कोरलंय! म्हणजे त्यांनी आधी कळस केला आणि मग पाया!"

आता आमच्या फळ्यावर सहलीच्या हिशेबाची पहिली ओळ असते : वार कोणता? तिकिटाचा हिशेब त्यानंतर. कारण मुलांनो, सगळ्यांत महाग पडते ती वाया गेलेली फेरी. अजिंठ्याला निघालात, तर लक्षात ठेवा, तिथे सोमवारी सुट्टी असते! आणि निघण्याआधी आजचे दर विचारून घ्यायला विसरू नका.