नव्या इंजिनाचा ताप

दादानं ट्रकला दुसरं इंजिन बसवलं ते वहिनींच्या पाटल्या मोडून. आणि १९८६ सालच्या त्या पहिल्याच खेपेला, खोपोली सोडून बोरघाट चढू लागतो न लागतो तोच काटा लाल! मी आपला हौसेनं बरोबर गेलेला कारकून. पट्टा घट्ट, पंखा फिरता, रेडिएटर काठोकाठ. इंजिनच फसवं निघालं की काय? दोघांच्याही मनात तेच, बोलायचं कुणी?

तासाभरानं, इंजिन निवल्यावर, क्लीनर म्हणाला, "मालक, आत हवा कोंडली असंल." ट्रकचं तोंड चढाकडे होतंच. झाकण काढून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे आले नि पाणी भसकन खाली गेलं! सावकाश ओतत चांगली अर्धी बादली मावली.

खंडाळ्याला चहा पिताना दादा प्रथमच बोलला, "तुझ्या वहिनीला यातलं काही सांगू नकोस हं."