पिकतं तिथं

एका जुन्या क्लायंटनं आता मुंबईची एजन्सी घेतो म्हणून फोन केला, त्यावर आमच्या जाहिरात एजन्सीचे सर एवढंच म्हणाले, ‘पिकतं तिथं विकत नाही,’ आणि पुन्हा पेपरांच्या रिलीज ऑर्डरी काढायला बसले. तेव्हापासून ही म्हण माझा पिच्छा सोडत नाही. एरवी मी म्हणींपासून चार हात लांब असते. जाहिरातीत म्हण घातली की क्लायंट खूश होतो आणि वाचणारा पुढे जातो, कारण ती त्यानं आधीच ऐकलेली असते. पण ही म्हण आमच्या ऑफिसबद्दलच बोलते आहे असं वाटत राहतं, आणि ती खरी आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय मला पुढचं काम सुचेनासं झालं आहे.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. सर, मी, आर्टवर्क करणारे पेंटरमामा, हिशेब आणि वसुली बघणारी एक मुलगी आणि पेपरांच्या ऑफिसांतून फिरणारा एक पोरगा, एवढीच माणसं. मुंबईच्या मोठ्या एजन्सीत क्लायंटशी बोलणारे वेगळे, लिहिणारे वेगळे, पेपरात जागा घेणारे आणखी वेगळे. इथं सकाळी दुकानदाराशी मीच बोलते, दुपारी मीच लिहिते, रात्री प्रूफ मीच वाचते. पेपर 15 टक्के कमिशन देतो, त्यावर घर चालतं. दुकानदारानं पैसे दिले न दिले, पेपरचं बिल ठरल्या मुदतीत भरावंच लागतं. त्या पंधरा टक्क्यांतच लेआउट येतो, मजकूर येतो, आणि ‘ताई, नाव तेवढं मोठं करा की’ म्हणून चौथ्यांदा केलेला बदलही येतो.

वर्ष सणांवर चालतं. गुरुपुष्यामृताला सराफ, पाडव्याला बिल्डर आणि गाड्यांचे शोरूम, जूनच्या आधी क्लासवाले, दिवाळीच्या आधी सगळेच. आणि वर्षभर, कुठल्याही दिवशी, श्रद्धांजली. बाहेरच्या माणसाला ती सगळ्यात सोपी जाहिरात वाटते: फोटो, दोन तारखा, खाली नातेवाइकांची नावं. मला ती सगळ्यात अवघड वाटते. समोर बसलेल्या मुलाचे डोळे सुजलेले असतात. नावांचा क्रम चुकला तर एखादं घर दुसऱ्या घराशी वर्षभर बोलत नाही. एकदा एका किराणा दुकानदाराच्या आईची जाहिरात करायची होती. ‘मायेची सावली हरपली’ लिहून देता आलं असतं, आणि त्यालाही तेच हवं होतं. पण बोलता बोलता तो म्हणाला, उन्हातून कुणीही दुकानात आलं की आई आधी गूळ-पाणी पुढं करायची, खरेदीचं मग विचारायची. मी तेवढंच लिहिलं. जाहिरात आल्यावर तीन पेठांतली माणसं दुकानात येऊन ‘आम्हीपण ते पाणी प्यायलोय’ म्हणून सांगून गेली.

ती ओळ पुण्यात कुणाला काही सांगणार नाही. मुंबईत तर नाहीच. ती फक्त जिथं पिकली तिथंच चालली. म्हणजे म्हण खोटी ठरली का? मला तसं म्हणावंसं वाटतं. पण सर म्हणत होते ते वेगळं होतं. आमच्याकडं चार ओळींची जाहिरात घेऊन आलेलं दुकान मोठं होतं, त्याच्या तीन शाखा होतात, आणि चौथी शाखा काढताना मालकाला मुंबईची एजन्सी हवीशी वाटते. यात त्याचा काही गुन्हा नाही. आपण वाढलो हे त्यालाही कुणाला तरी दाखवायचं असतं.

गुळाचं बघा. कोल्हापूरचा गूळ म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण इथल्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक आहे गुजरात. मार्केट यार्डात सौदा होतो आणि गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, ट्रकमध्ये चढतात. म्हण जणू या यार्डात बसूनच कुणीतरी रचली असावी. आणि तरीही या गावाची व्यापारपेठ उभी राहिली ती नेमकी म्हणीच्या विरुद्ध हट्टानं. शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि 1895 साली त्यांनी शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ म्हणून. जे आपल्या राज्यात पिकतं त्याचा बाजारही आपल्याच गावात असावा, भाव इथं ठरावा, हा त्यामागचा विचार. ती पेठ चालली. कोल्हापूर गुळाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं ते त्या पेठेमुळं. मग पिकलं तिथं विकलं की नाही? सौदा इथं झाला, खाणारा तिकडं राहिला. म्हणीला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि मला नेमका त्याचाच त्रास होतो.

पन्हाळ्याच्या बाजूला एक गुऱ्हाळ आहे. त्यांना स्वतःच्या नावानं पाकिटातला गूळ विकायचा आहे, म्हणून मी मागच्या हंगामात तिथं जाऊन बसले. पाकिटावरच्या मजकुरासाठी तासाभराचं काम होतं, पण मी दिवसभर राहिले. चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस ज्वाळेकडं बघत नाही, आवाज ऐकतो. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीचा चिकट रस त्यात सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. आणि मग सगळं गुळव्यावर येतं. पाक किती शिजला हे तो पाण्यात थेंब सोडून, बोटांत गोळी वळून ठरवतो. थर्मामीटर नसतो. घटकाभर उशीर झाला की गूळ करपतो, लवकर उतरवला की तो बसत नाही. काहील उतरवायचा इशारा त्या माणसानं नुसती मान हलवून दिला, आणि चार जणांनी ती एका दमात वाफ्यात ओतली. इतकी नेमकी मान मी आमच्या धंद्यात कुणाची हललेली बघितलेली नाही.

तो गूळ तांबूस होता, गडद. मालक म्हणाले, यातच अडचण आहे. बाजारात भाव रंगावर ठरतो. पिवळाधमक रवा चढ्या दरानं जातो. तो पिवळेपणा यावा म्हणून अनेक ठिकाणी हायड्रॉस पावडर घालतात. हे घालत नाहीत, म्हणून यांचा गूळ काळपट आणि यांनाच खुलासा करत बसावं लागतं. ‘ताई, तुम्ही लिहिताय न्हवं, मग एवढं लिवा की ह्यो रंगच खरा हाय.’

मी तिथंच अडले, आणि अजून अडलेलीच आहे. गूळ सोन्यासारखा पिवळा असतो हे लोकांच्या मनात कुणी भरवलं? एका कुणाचं नाव घेता येणार नाही, पण किराणा दुकानांच्या आणि मिठाईवाल्यांच्या जाहिरातींत मी स्वतः ‘सोनेरी’ हा शब्द कितीदा घातला असेल, आणि फोटोतला गूळ पेंटरमामांनी किती वेळा थोडा उजळ केला असेल. त्यात फसवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. उजळ चांगलं दिसतं, म्हणून उजळ केलं. आता तोच रंग एका चांगल्या माणसाच्या आड येतो आहे, आणि तो उतरवायचा तर त्याच शब्दांनी.

पेंटरमामांशी मी हे बोलले. ते पूर्वी भिंती रंगवायचे, सिनेमाचे बोर्ड करायचे. फ्लेक्स आले आणि ब्रश ठेवून ते उतारवयात कॉम्प्युटर शिकले. ते म्हणाले, बाबूराव पेंटरांनीसुद्धा चेहरे उजळच केले असतील. कोल्हापुरात कुणाशीही चित्राबद्दल बोला, गाडी बाबूरावांवर येतेच, आणि मला ते आवडतं. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस. स्वतःचा कॅमेरा त्यानं गावातच बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तानीबाई कागलकरांनी त्याला पैसा दिला. 1920 साली ‘सैरंध्री’ आला. आपल्या सिनेमाची पोस्टरं तो स्वतः रंगवायचा, कथा आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका छापायचा. त्याच्या ‘कल्याण खजिना’चं 1924चं पोस्टर आजवर टिकलेल्या भारतीय सिनेपोस्टरांत सर्वांत जुनं मानलं जातं. म्हणजे जाहिरात हे या मातीतलंच पीक आहे, असं मी उत्साहानं म्हणणार, तेवढ्यात आठवतं, बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी मिळाली ती टिळकांकडून, पुण्यात. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथं कोल्हापुरात काढली आणि 1933 साली ती पुण्याला नेली. बाबूराव इथंच राहिले आणि 1954 साली इथंच गेले.

राहिले ते चुकले, की गेले ते? मी प्रभातचे सिनेमे बघत मोठी झाले. ते पुण्याला गेले नसते तर कदाचित बघायला मिळाले नसते. आणि बाबूराव गेले असते तर पेंटरमामांसारखी माणसं या गावात ब्रश धरायला कुणाकडून शिकली असती? दोन्ही गोष्टी मला हव्या आहेत, आणि म्हण मला एकच देते.

मलाही पुण्यातून विचारणा झाली होती. पगार जवळपास दुप्पट होता. मी गेले नाही, त्याचं कारण मी तेव्हा ‘आईची तब्येत’ असं सांगितलं आणि ते खरंही होतं. पण मला इथलं कामही आवडतं. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस संध्याकाळी महाद्वार रोडवर भेटतो. त्याच्याबद्दल खोटं लिहिलं तर त्याच्या शेजाऱ्याला ते लगेच कळतं. हे बंधन मला मोलाचं वाटतं, आणि मोठ्या शहरात ते मिळेल याची खात्री नाही. मात्र याच बंधनातून ‘सोनेरी’ हा शब्दही सुटून गेलाच होता. कुणाच्याही शेजाऱ्याला तो खटकला नाही. तेव्हा जवळ राहिल्यानं माणूस खरं लिहितो, हेही मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या हंगामाच्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो. गुऱ्हाळमालकांना त्याच दिवशी पाकीट बाजारात आणायचं आहे. आर्टवर्क त्याच्या आधी छापखान्यात जायला हवं, आणि पाकिटाच्या पुढच्या बाजूला रंगाबद्दलच्या ओळीची जागा पेंटरमामांनी अजून रिकामी ठेवली आहे.