बोलीवरून ओळखला

भस्म बुधवार उजाडला की आमच्या घरचा चहा बंद होतो, तो थेट ईस्टरच्या पहाटेपर्यंत. या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती लोकांत कुणी मटण वर्ज्य करतो, कुणी एकवेळ जेवतो. आमच्याकडे मटण सोडायचे तर आधी ते आणायला हवे, म्हणून मायने चहा निवडला! माझ्या वर्गमित्रांना आमचा नाताळ ठाऊक असतो, कारण नाताळला केक असतो. हा काळ मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. यात वाटण्याजोगे काही नसते.

गेल्या वर्षी, २०२५ साली, भस्म बुधवार ५ मार्चला आला. तेव्हा मी प्रथम वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा तुमसरला राईस मिलमध्ये हमाली करतात. मी रोज गाडीने वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर उतरायचा नि तिथून शहरात यायचा. या प्रवासात मी एक कसब कमावले होते. गाडीत चढताना ‘पानी’ म्हणणारा मी कॉलेजच्या फाटकात शिरेपर्यंत ‘पाणी’ म्हणू लागे. आमच्या झाडीबोलीला ‘ण’चे वावडे, ‘ळ’चाही ‘र’ होतो. जवळची वस्तू आम्हाला ‘जवर’ असते. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून ‘कोन’ निघाले आणि मागच्या बाकांवर हसू फुटले. हसणारेही झाडीपट्टीचेच होते. त्यांनी ‘ण’ माझ्याआधी दोन वर्षे साधला होता, एवढेच!

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता. शेवटचा दिवस. दाखला घरीच राहिला, म्हणून बाबा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तो घेऊन आले. मी मित्रांबरोबर ऑफिससमोरच्या निंबाखाली उभा होतो. फाटकातून बाबा आले. डोक्याला दुपट्टा, भुवयांवर कोंड्याची धूळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद. “कागद आनला गा बाबू,” ते लांबूनच म्हणाले.

“कोण रे हे? तुझे वडील?” शेजारच्या मित्राने विचारले.

“नाही, नाही. आमच्या गावातले आहेत एक.”

बाबा चार पावलांवर होते. मी पुढे होऊन कागद घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग मित्रांकडे, आणि “गाडीचा टाइम झाला,” म्हणून ते परत फिरले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. त्या दाखल्यावर त्यांचेच नाव होते. मी तो चटकन वहीत घातला.

उपवासकाळात आमच्या मंडळीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. आमची मंडळी लहान, मोजून चौदा घरे. कॉलेजात जाऊ लागल्यापासून पाळकसाहेब मला प्रार्थना करायला सांगत. मीही ‘हे कृपानिधान स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात करी, आणि म्हाताऱ्या बाया नंतर मायला म्हणत, “पोरगा सायबावानी प्रार्थना करते!” त्या शुक्रवारीही मी पापांची क्षमा मागितली. जगातल्या सगळ्या पापांची मागितली. निंबाखालच्या पापाचा उल्लेख तेवढा राहून गेला.

१८ एप्रिलला उत्तम शुक्रवार. दुपारी बारा ते तीन उपासना. ऊन असे की पत्र्याखाली बसवेना. दुःखसहनाचा पाठ वाचायचे काम माझ्याकडे होते. येशूला धरून नेल्यावर पेत्र वाड्याच्या अंगणात बसलेला असतो. ‘तूही त्याच्याबरोबर होतास’ असे एक दासी म्हणते, तो नाकारतो. दुसरी म्हणते, पुन्हा नाकारतो. मग तिथे उभे असलेले लोक म्हणतात, तू त्यांच्यातलाच आहेस, तुझ्या बोलीवरूनच ते कळते. पेत्र गालीलचा कोळी होता. यरुशलेमकरांच्या लेखी गालील म्हणजे झाडीपट्टीच असणार. हा पाठ मी लहानपणापासून दरवर्षी ऐकला होता. पण माझे लक्ष नेहमी कोंबड्याच्या आरवण्याकडे असे. बोलीची गोष्ट त्यात आहे, हे मला त्या दुपारी स्वतः वाचताना कळले. मी थांबलो. शेवटच्या बाकावर बाबा मान हलवत ऐकत होते. त्यांना वाचता येत नाही. माझे शुद्ध वाचन ऐकायला ते पांढरा सदरा घालून आले होते.

पाठ मी कसाबसा संपवला. पुढे गायन झाले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ती वाट आमच्या वरठी-तुमसरवरूनच जाते. मी रोज त्याच रुळांवरून जातो नि जाताना माझी बोली उतरवून ठेवतो! टिळकांनी नेमके उलटे केले. इंग्रजी चालीच्या भाषांतरित गीतांवर भागवायचे सोडून ते अभंगाकडे, ओवीकडे, तुकोबाकडे वळले.

त्या रात्री अंगणात खाटेवर पडलो होतो. कृपानिधान वगैरे काही आठवेना. तोंडातून एवढेच निघाले, “देवबापा, मी बाबाले ओरखलो नाही.” त्यापुढे प्रार्थना गेली नाही. पण बऱ्याच दिवसांनी ती माझी होती.

ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जातो. अंधार असतो. बांधावरच्या झाडाखाली मोहफुले टपटपत होती आणि दोन बाया टोपल्या घेऊन ती वेचत होत्या. परतताना मी मुद्दाम बाबांच्या बरोबरीने चालू लागलो.

“बाबा, त्या दिवशी कॉलेजात मी…”

“मले मालूम हाय. मी आयकलो ना,” ते म्हणाले. थोडे चालून त्यांनी विचारले, “फारम तं भरलास ना?”

“भरलो.”

त्यांनी मेणबत्ती विझवली. अर्धी शिल्लक होती, ती खिशात ठेवली. घरी मायने चहा टाकला होता. बाबांनी बशीत ओतून दोन बशा प्यायल्या, मी एक. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

मात्र एक काम तसेच पडून आहे. निंबाखाली ज्याने मला विचारले, तो मित्र आजही माझ्या वर्गात आहे आणि हा अंक त्याच्या हाती पडेल. त्याला समोर सांगण्याचे धाडस मला वर्षभरात झाले नाही, म्हणून इथे लिहितो. दाखला घेऊन आले होते ते माझे वडील होते.