ताईकडची शिकवणी आणि दिवाळीची खरेदी

सत्तरच्या दशकात पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी असली, की पहिली ते चौथीची पोरं तिच्याकडे आपसूक येऊन बसायची. त्याला क्लास म्हणायची पद्धत नव्हती. ‘ताईकडे शिकवणीला जातो’ एवढंच. आमच्या घरात तर आत्या, तिच्यामागून आम्ही बहिणी, मग चुलत्यांची थोरली, असा हा वसा हातोहात फिरत राहिला. ओसरीवर चटई, पत्र्याच्या पाट्या, पेन्सिलींचे तुकडे आणि आतून येणारा फोडणीचा वास. फी महिन्याची पाच-दहा रुपये. कुणी पहिल्या तारखेला द्यायचं, कुणी जमेल तेव्हा. एका आईनं तर कित्येकदा फीच्या जागी गावाकडची आमसुलंच धाडली, आणि आमच्या आईनं ती निमूट बरणीत भरली.

शिकवणीत आजोबांची लुडबुड ठरलेली. पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी औटकीसुद्धा पाठ हवी, हा त्यांचा हट्ट. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. तरी आजोबांच्या डोक्यातला रुपया सोळा आण्यांचाच होता. साडेतीन आण्याला एक तर सात नगांचे किती, हे औटकी येणारा माणूस झटक्यात सांगायचा, हे खरंच. पण आमच्या पोरांना आणे कधी दिसलेच नव्हते. ती बिचारी आजोबांना खूश करायला ‘औट सत्ते साडेचोवीस’ म्हणायची आणि नऊ अधिक सातला अडायची.

अडायची ती हातच्यापाशी. मागच्या खोलीतला एक मुलगा हातचा एक खरोखरच डाव्या मुठीत धरून ठेवायचा आणि बेरीज संपेपर्यंत मूठ सोडायचा नाही. त्याला हसणाऱ्या पोरांना आत्यानं दटावलं होतं, कारण त्याचं उत्तर बरोबर यायचं. दुसरीतल्या एका मुलीचा रफार नेहमी एक अक्षर आधीच उतरायचा. ‘सूर्य’ लिहिताना तो ‘सू’च्या डोक्यावर बसायचा. कुणाला ळ उलटा दिसायचा, कुणाला श आणि ष यांत काही फरक असू शकतो हेच पटायचं नाही. शाळेत एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं, तिथं हे कोण बघणार? ओसरीवर मात्र दिसायचं. चौथीत स्कॉलरशिपला बसणारा कुणी असला तर सगळा वाडा त्याच्या काळजीत असायचा, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

सहामाही झाली की सुट्टी, आणि सुट्टी लागली की फीच्या डब्यातून पोरांसाठी दिवाळीची खरेदी. इथं आमच्यात सरळ दोन तट पडायचे. जिनं शिकवलं तिला प्रत्येकाची खोड माहीत असायची, आणि त्या माहितीचा मोह फार वाईट. आत्या अप्पा बळवंत चौकातून उजळणीची पुस्तकं, चौरेघी वह्या आणि फारच मर्जीतलं पोर असलं तर कॅमलची कंपासपेटी आणायची. पोरं वाकून नमस्कार करायची, वस्तू आईकडे सोपवायची आणि किल्ल्यावर अळीव पेरायला पळायची. वर्षभर अभ्यास घेणाऱ्या बाईनं दिवाळीलाही अभ्यासच द्यावा, हा माझ्या मते अन्यायच होता. आत्याला तसं सांगायची छाती मात्र कुणाची नव्हती.

आमचा तट तुळशीबागेत वळायचा. भातुकलीची पितळी भांडी, लाकडी ठकी, नाहीतर कुंभारवाड्यातून किल्ल्यासाठी मातीचे मावळे. पुढं ‘व्यापार’चा खेळ हाती लागला आणि दोन्ही तटांचं काम एकदम झालं. तो मुठीत हातचा धरणारा मुलगा बँक सांभाळायला बसला. शंभराच्या नोटेतून भाडं वजा करून उरलेले परत देताना त्याची मूठ कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही. आत्यानं हे पाहिलं आणि ‘हूं’ म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

पुस्तकांत ‘चांदोबा’ घराघरात होताच, विक्रम-वेताळासाठी पोरं भांडायची. नोव्हेंबर 1971 मध्ये बालभारतीनं ‘किशोर’ सुरू केलं तेव्हा गंमत झाली. पाठ्यपुस्तकं काढणारी हीच संस्था, म्हणून आयांचा विश्वास बसला आणि त्याच कारणानं पोरांना संशय आला. चित्रं पाहिल्यावर संशय फिटला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पुण्याच्याच शाळेत शिकणारा, फुरसुंगीचा. त्याच्यावर आमच्या पोरांचा शेजाऱ्यासारखा हक्क. आणि प्रदर्शनातून आणलेली मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं! जाड गुळगुळीत कागद, पानभर रंगीत अस्वलं, आणि किंमत इतकी कमी की एका मुलाच्या महिन्याच्या फीत तीन-चार पोरांची सोय व्हायची. बर्फ कधी न पाहिलेली आमची पोरं भोपळ्याच्या घारग्या खात बर्फातली घसरगाडी वाचायची. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि ही पुस्तकंही यायची थांबली. तोवर आमची शिकवणीही बंद पडली होती. वाडा पाडून इमारत झाली, तिला ओसरीच नव्हती.

भाऊबीजेला शिकवणीतली मुलंही ओवाळून घ्यायला यायची. सख्खी बहीण नसलेल्यांना तर त्यांच्या आयाच पाठवायच्या. डोक्यावर टोपी, नवा कडक शर्ट, मुठीत घामेजलेली दोन रुपयांची नोट. असाच एक चौथीतला, पाटावरून उठता उठता मला म्हणाला, “ताई, फी दहा आणि ओवाळणी दोन. म्हणजे आता आठच राहिले ना?” वजाबाकी बिनचूक होती. फी मात्र त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी पूर्ण दहा रुपये पाठवली, वर चकल्यांचा डबा.