तेलाचा तांबडा दिवा

आमच्या एकत्र कुटुंबांत वडिलोपार्जित म्हणावें असें फारसें उरलेलें नाहीं. देवघरांतील समई, वडिलांनीं स्वतः बांधून घेतलेला अमरकोश आणि एक मोटार, एवढेंच. मोटार प्रीमियर पद्मिनी. नोंदणी १९७४ सालची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. इटलीच्या फियाट मोटारीचेंच तें देशी रूप. तिचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें. त्या वेळीं जालना औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे; १९८१ सालीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला, पुढें औरंगाबादचें नांवहि बदललें. मोटार मात्र आमच्याच अंगणांत राहिली, आणि वडिलांच्या मागें ती चालविण्याचा मान माझ्याकडे आला.

दोन वर्षांपूर्वीं रामनवमीस आम्ही समर्थांच्या जांबेस गेलों होतों. परततांना घनसावंगी मागें पडल्यावर एका उखडलेल्या वाटेवर गाडीच्या तळाशीं दगड लागल्याचा आवाज झाला. मी थांबलों नाहीं. तिसरा प्रहर, चैत्राचें ऊन कांचेंतून सरळ डोळ्यांवर येत होतें. थोड्या वेळानें मागें बसलेला पुतण्याचा आठ वर्षांचा मुलगा पुढें वांकून म्हणाला, "आजोबा, तो तांबडा दिवा कशाचा?"

"असूं दे रे. तो असाच लागतो."

हें अगदींच खोटें नव्हतें. त्या दिव्याची तार सैल होऊन मधूनमधून लोखंडास टेके आणि दिवा उगीच लागे. तीन-चारदां फसल्यावर मीं त्याच्याकडे पाहणेंच सोडलें होतें; आणि त्या दिवशीं उन्हामुळें तो मला दिसलाहि नव्हता. अंबडच्या अलीकडे इंजिनांत खडखड सुरू झाली, आणि एक आचका देऊन गाडी उभी राहिली. सत्तरी उलटलेल्या वहिनींना बाभळीच्या विरळ सावलींत तासभर बसावें लागलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पोरहि पुन्हां कांहीं बोललें नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मीं शाळेंत कधीं गप्प केलें नाहीं, अशी माझी इतकीं वर्षें समजूत होती.

मिस्त्रीनें इंजिन उघडलें तेव्हां दोन बेअरिंगें वितळून क्रँकला चिकटलेलीं निघालीं. त्यानें समजावून सांगितलें तें असें. क्रँक हा बेअरिंगावर टेकून फिरत नाहीं. दोहोंच्यामध्यें तेलाचा अत्यंत पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. पंप तेल दाबानें तेथें पोंचवीत असतो. दाब गेला कीं धातु धातूला घासतो, तापतो आणि वितळतो. संस्कृतांत तेलाला 'स्नेह' म्हणतात, हें मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें. त्या शब्दाचा हा अर्थ मला मोटारीच्या मिस्त्रीकडून कळला.

दिव्याची युक्ति साधी आहे. इंजिनाच्या अंगांत अंगठ्याएवढें एक बटन पिळून बसविलेलें असतें. त्याच्या आंत एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. तेलाचा दाब असला म्हणजे पडदा उचलला जातो, विजेची जोड तुटते व दिवा विझतो. दाब गेला कीं जोड जुळते व दिवा लागतो. मात्र वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. धांवत्या इंजिनांत दाब साधारण तीन-चार किलो असतो, आणि हा दिवा लागतो तो अर्ध्या किलोच्याहि खालीं गेल्यावर. म्हणजे तो पूर्वसूचना देत नाहीं. घात झाल्याचीच वर्दी देतो. त्यानंतर हातीं असतात ते कांहीं सेकंद.

पुतण्या जालन्याच्या एका पोलादाच्या कारखान्यांत जनित्रांवर काम करतो. तो म्हणाला, "काका, आमचें जनित्र तेलाचा दाब गेला कीं आपोआप बंद पडतें. गाडीलाहि तसें करूं. बटनांतून रिलेमार्फत ठिणगीचा प्रवाहच तोडायचा."

"जनित्रापाशीं कोणी बसलेलें नसतें, बाळ. येथें मी बसलेला असतों."

हें मी रागानें बोललों, आणि बोलतांच माझें मलाच हंसूं आलें. मी बसलेलाच तर होतों! तरी माझी शंका निव्वळ अहंकाराची नव्हती. उसाच्या ट्रकला ओलांडतांना किंवा रेल्वेच्या फाटकांत रुळांवर गाडी आपोआप बंद पडली, तर इंजिन वांचेल आणि माणसें जातील. शिवाय जुन्या इंजिनांत तेल तापून पातळ झालें कीं, गाडी नुसती उभी असतां दाब इतका उतरतो कीं दिवा लुकलुकूं लागतो. वैशाखांत प्रत्येक चौकांत ती बंद पडली असती. सुरू करतांना तर दाब शून्यच असतो, म्हणून स्टार्टर फिरत असेपर्यंत प्रवाहास दुसरी वाट ठेवावी लागते, हें त्यानेंच मान्य केलें.

चार रात्री जेवणानंतर हाच वाद. वहिनींनीं शेवटीं विचारलें, "भावोजी, दिवा दिसत नाहीं, तर डोळे दाखवले का?" दाखवले. मोतीबिंदु निघाला, शस्त्रक्रिया झाली, तोंवर किल्ली पुतण्याकडे राहिली.

मग जें बसविलें तें असें. जुनें बटन जागच्या जागीं ठेवून तीन तोंडांचा सांधा लावला व त्यावर दुसरें बटन जोडलें. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें जे नियम केले, त्यांत गाडीचें मूळ रूप राखण्याची अट आहे. तिकडे आमचें लक्ष आहे. दाब गेला कीं प्रथम कर्कश भोंगा वाजतो. दहा सेकंदांनीं प्रवाह तुटतो. आणि फाटकांत सांपडल्यास तो पुन्हां जोडण्याची एक कळ माझ्या डाव्या हाताशीं आहे. दहा सेकंदांत इंजिन थोडेंबहुत घासेल, हें ठाऊक असून ते ठेवले.

गेल्या महिन्यांत अंबडला मत्स्योदरीच्या दर्शनास जातांना भोंगा वाजला. मीं गाडी कडेला घेतली. नातवानें पट्टी काढून तेल पाहिलें, पुरेपूर होतें. तार सैल झाली होती, इतकेंच. वहिनींनीं सर्वांना पाणी दिलें, मीं तार आंवळली, आणि नातवानें "आतां पुन्हां बघूं" म्हणून आणखी एकदां पट्टी बुडवून पाहिली, तोंपर्यंत मी थांबलों.